ध्येय कोणाचे, वेळ कोणाची?

गेल्या काही वर्षांत आपल्या महाविद्यालयांतून एक नवे कीर्तन सुरू झाले आहे. ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ हे त्याचे नाव. शहरातून एक वक्ते येतात, विद्यार्थ्यांना डोळे मिटायला लावतात, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल ते डोळ्यांपुढे आणा म्हणतात आणि मग वहीत ध्येय लिहून घेतात. ध्येय स्पष्ट असावे, मोजता यावे, त्याला मुदत असावी, असे ते सांगतात. या सांगण्यात खोटे काही नाही. पण ज्या पाच वर्षांची आखणी करायची, ती पाच वर्षे त्या मुलामुलींच्या मालकीची आहेत, हे त्यांनी न सांगता गृहीत धरलेले असते. बीड जिल्ह्यातल्या ज्या वर्गांना मी इतिहास शिकवते, तिथल्या पुष्कळ मुलींच्या बाबतीत हे गृहीतक पहिल्याच दिवशी कोसळते. दिवाळीनंतर त्या कुठे असतील, हे ठरवणारा माणूस दुसराच असतो.

म्हणून ध्येयाच्या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने पाहावे असे मला वाटते. ज्यांच्या वेळेवर दुसऱ्यांची मालकी होती, अशा माणसांनीही या देशात ध्येये ठरवली आणि ती गाठली. कशी गाठली? नुसत्या इच्छाशक्तीच्या बळावर, असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते अपुरे आहे. त्यांनी आधी आपली वेळ सोडवून घेतली, तिचा हिशोब मांडला आणि त्या हिशोबात कोण किती झिजणार हेही पाहिले. आपल्या चळवळीचा इतिहास या दृष्टीने वाचला तर आजच्या विद्यार्थ्याला त्यातून नेमके काहीतरी मिळू शकते.

१

माझे गाव चकलांबा, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जुनी माणसे त्या काळाला मोगलाई म्हणत. पण मोगलाई असो की इंग्रजी अंमल, गावकुसाबाहेरच्या माणसाचा दिवस गावाचाच होता. येसकरपाळी ज्याच्याकडे असे त्याने चावडीवर हजर राहायचे, पाटलाचा सांगावा घेऊन धावायचे, अंमलदार आला की त्याचे सामान पुढच्या गावी पोचवायचे, मर्तिकाचा निरोप पाऊसपाण्यात न्यायचा, मेलेले जनावर ओढायचे. रात्री हाक आली तरी उठायचे. बदल्यात बलुते आणि भाकरी. किती काम म्हणजे पुरे झाले, हे कुठे लिहिलेले नव्हते.

मुंबई इलाख्यात हे बंधन १८७४ च्या वतन कायद्याने पक्के केले होते. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनावरचे त्यांचे आक्षेप आजच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावेत. कामाची व्याख्या नाही, कामाला तास नाहीत. वतनदार स्वतः हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाने जायचे. राबणूक सरकारची, पण मोबदला रयतेच्या मर्जीवर. म्हणजे एका माणसाच्या नव्हे, तर एका घराच्या चोवीस तासांवर गावाचा बोजा चढवलेला होता.

अशा माणसाला ‘तुझे ध्येय काय’ असे विचारणे क्रूरपणाचे आहे. जो उद्या सकाळी कुठे असेल हे चावडी ठरवते, तो माणूस इच्छा बाळगू शकतो, नवस बोलू शकतो, पण बेत आखू शकत नाही. धर्मग्रंथांनी त्याला ‘पुढचा जन्म’ दाखवला, यामागचे कारणही हेच असावे. या जन्मातली वेळ आधीच वाटून झालेली होती.

ते विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. जुन्या मुंबई इलाख्यातली महार वतने आणि इतर कनिष्ठ वतने कायद्याने रद्द होण्यासाठी १९५८ साल उजाडावे लागले. तोवर बाबासाहेब हयात नव्हते. मांडणी आणि पूर्तता यांच्यामध्ये तीस वर्षे गेली. एका माणसाच्या वहीत मावणारे हे ध्येय नव्हते. तरीही ते नेमके होते, मोजता येण्याजोगे होते, कायद्याच्या कलमांत लिहिता येत होते. ‘समाजाची उन्नती’ अशा मोघम शब्दांत ते मांडले असते, तर त्याला विरोध करायचीही कोणाला गरज पडली नसती.

२

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे आपण बहुधा चमत्कार म्हणून पाहतो. जयंतीच्या भाषणांत पदव्यांची यादी वाचली जाते आणि टाळ्या पडतात. पण त्या काळाच्या तारखा ओळीने मांडून पाहाव्यात. त्यातून वेगळेच चित्र दिसते.

१९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती फुकटची नव्हती. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. १९१५ मध्ये एम. ए., मग प्रबंधाचे काम, १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे प्रवेश. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. जात लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तिथून हाकलले गेले.

इथे एखाद्याचे ध्येय संपले असते. पण निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी घेऊन ठेवली होती. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल, अशी ती परवानगी होती. पुढचा सगळा हिशोब या तारखेभोवती फिरतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगारातून पैसे साठवू लागले. शाहू महाराजांनी मदत केली. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचे कर्ज घेतले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा मुदत संपायला सव्वा वर्ष उरले होते. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी. एस्सी. या डी. एस्सी.च्या प्रबंधातही परीक्षकांनी बदल सुचवले होते. पैसे संपल्यामुळे मुंबईला परतून, इथूनच तो दुरुस्त करून पाठवावा लागला.

यातली बुद्धिमत्ता थोर आहे, याविषयी दुमत नाही. पण आपल्या विद्यार्थ्यांना बुद्धिमत्ता उसनी घेता येत नाही. रीत मात्र घेता येते. ती रीत अशी: दार बंद होत असताना ते पुन्हा उघडण्याची तारीख लिहून घ्यायची. त्या तारखेपर्यंतचा खर्च कुठून येईल ते आधी पाहायचे. मध्ये मिळालेली नोकरी हे मुक्कामाचे ठिकाण समजायचे नाही.

व्यवसायाची निवडही अशीच हिशोबाची होती. बॅरिस्टर झाल्यावर वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते; तेही भथेनांनी दिले. नोकरीच्या वाटा मोकळ्या होत्या. पण सरकारी नोकराला सरकारविरुद्ध आणि समाजाविरुद्ध बोलण्याची सवड नसते. वकिली हा स्वतंत्र धंदा. पक्षकार थोडे, त्यातही अस्पृश्याकडे येणारे आणखी थोडे. म्हणून १९२५ पासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत शिकवून त्यांनी प्रपंचाला हातभार लावला. पोटाचे साधन असे निवडले की वेळ आपल्या हाती राहावी. व्यक्तिगत ध्येय आणि सामाजिक ध्येय ही दोन वेगळी खाती आहेत, असे जे आज शिकवले जाते, त्याला इथे उत्तर मिळते. त्यांच्या जीवनात एक खाते दुसऱ्याला पैसा आणि वेळ पुरवत होते.

या हिशोबातली एक बाजू आपले वक्ते घाईत सांगून मोकळे होतात. लंडनमधली ती वर्षे मुंबईत रमाबाई जगत होत्या. चार अपत्ये गेली, घर तुटपुंज्यावर चालले, आणि २७ मे १९३५ रोजी त्या स्वतःही गेल्या. त्यांच्या त्यागाची गाणी आपण गातो. मला त्यांच्याकडे त्यागमूर्ती म्हणून पाहण्यापेक्षा त्या ध्येयाच्या भागीदार म्हणून पाहावेसे वाटते. कोणतेही मोठे ध्येय कोणाच्या तरी वेळेवर उभे असते. ती वेळ कोणी दिली हे नोंदवले नाही, तर इतिहास अर्धाच लिहिला जातो.

३

ध्येय धरून ठेवण्याइतकेच, कोणते सोडावे हे कळणेही महत्त्वाचे असते. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुषांनी त्यात मार खाल्ला, तुरुंग भोगला, गावोगाव बहिष्कार सोसला. पाच वर्षे झाली तरी दार उघडले नाही. तेव्हा बाबासाहेबांनी तो लढा थांबवला. माणसे थकली म्हणून नव्हे. देवळात जाणे हे साधन होते, माणूसपणाचा हक्क हे साध्य होते. आणि या साधनाने ते साध्य जवळ येत नाही, असे त्यांना दिसले. उरलेले बळ शिक्षण आणि राजकारण यांत घालावे, असे त्यांनी ठरवले.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. या ध्येयाला मात्र त्यांनी तारीख दिली नाही. ३१ मे १९३६ च्या मुंबईच्या महार परिषदेत त्याची मांडणी केली, नंतर अनेक धर्मांचा अभ्यास केला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. एकवीस वर्षे आणि एक दिवस. शिबिरातला वक्ता म्हणेल, मुदत नव्हती म्हणून उशीर झाला. पण ज्या निर्णयामागून लाखो माणसे चालणार आहेत, त्या निर्णयाला तपासून घ्यायला वेळ लागतो. लंडनच्या पदवीला तारीख हवी होती, धर्मांतराला तयारी हवी होती. कोणत्या ध्येयाला घड्याळ लावायचे आणि कोणत्याला लावायचे नाही, हा विवेक त्या दोन उदाहरणांत आहे.

४

आता मराठवाड्याकडे येऊ. मजूरमंत्री असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञान, तंत्रशिक्षण आणि परदेशातील शिक्षण यांसाठी नेमकी रक्कम मागितली होती. त्यातून केंद्र सरकारने तीन लाख रुपयांची तरतूद केली. स्वतःला जी शिष्यवृत्ती एका राजाच्या कृपेने मिळाली होती, ती पुढच्यांना हक्काने मिळावी, ही यामागची दृष्टी. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय उघडले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली.

जागेची निवड सहज झालेली नाही. मोगलाईत उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथले माध्यम उर्दू. मराठी बोलणाऱ्या, त्यातही महारवाड्या-मांगवाड्यातल्या मुलाला ते अंतर मैलांत मोजता येणारे नव्हते. ज्या मुलखात मागासलेपण सर्वांत दाट, तिथे महाविद्यालय काढायचे आणि सोबत वसतिगृह द्यायचे. या वसतिगृहाला मी महाविद्यालयाइतकेच महत्त्व देते. वसतिगृह म्हणजे गावाच्या हाकेपासून सोडवलेली वेळ. चावडीचा सांगावा जिथे पोचत नाही, अशा खोलीत एक कंदील आणि एक पुस्तक. नागसेनवनात ज्या पिढीने वाचायला, लिहायला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली, तिच्यातून मराठवाड्याचे दलित साहित्य उभे राहिले.

त्या पिढीची परीक्षा नंतर झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. मोर्चे, तुरुंग, लाँग मार्च यांतून १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षे एका पिढीने आपल्या पदव्या, परीक्षा आणि नोकऱ्या बाजूला ठेवून या ध्येयाला दिली. तसेच दीक्षा घेतलेल्यांना केंद्राच्या सवलतींसाठी अनुसूचित जातीचे स्थान परत मिळायला १९९० साल यावे लागले. दलित तरुणाच्या ध्येयाच्या वाटेवर असे थांबे दुसऱ्यांनी बांधून ठेवलेले असतात. त्यांचा विचार न करता दोन तरुणांच्या यशाची तुलना करणे, हा इतिहासाचा अपमान आहे.

५

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बायका आल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक अक्षरशत्रू होत्या. त्यांनी केलेले ठराव पाहावेत. नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्याला बंदी, मुलींसाठी वसतिगृहे. आणि गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे यांत काम करणाऱ्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, महिनाभराची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई, वीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात या चळवळीतल्या स्त्रियांची नोंद करून ठेवली नसती, तर आपल्याला हे सारे विसरायला वेळ लागला नसता.

या ठरावांत दिवस मोजले आहेत. ज्यांना वहीत ध्येय लिहिता आले नसते, त्यांनी आपल्याला वर्षातले किती दिवस हवेत ते आकड्यांत सांगितले. बाबासाहेबांनीही १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. ते मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाना कायद्याची दुरुस्ती होऊन आठवड्याचे तास ४८ झाले. महार वतनाचे विधेयक, बाळंतिणीची रजा, कारखान्याचे तास हे वेगवेगळे विषय वाटतात. एकत्र ठेवले की त्यांच्यातला धागा दिसतो. राबणाऱ्या माणसाची वेळ त्याला परत मिळवून देणे, हा तो धागा.

६

हा धागा माझ्या गावापर्यंत येऊन तुटतो. चकलांब्यातून आणि बीड जिल्ह्यातल्या शेकडो गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा, कोरडवाहू मराठा, सगळेच त्यांत असतात. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. सहा महिने पाचटाच्या कोपीत संसार. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती तोडून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. फिटली नाही तर पुढचा हंगाम आधीच विकलेला. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला मोळ्या भरायच्या. तास ठरलेले नाहीत. एक दिवस पडून राहिले तर खाडा, आणि खाड्याला पाचशे रुपये, कधी त्याहून जास्त दंड. येसकरपाळीचे वर्णन मी वर केले आहे. वाचकाने दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. वतन कायद्याने गेले, उचल कराराने आली.

हा खाडा बाईच्या शरीरापर्यंत जाऊन पोचला. पाळीच्या, दुखण्याच्या दिवसांचा दंड टळावा म्हणून पिशवी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया बीड जिल्ह्यात इतक्या झाल्या की २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. २१ दिवसांची रजा मागणाऱ्या नागपूरच्या त्या परिषदेला तेव्हा ७७ वर्षे झाली होती.

दुसरा परिणाम मुलींच्या लग्नाचा. कोयता जोडप्याचा असतो. म्हणून पोराचे लग्न केले की घरात एक कोयता वाढतो, आणि वयात आलेली मुलगी मागे ठेवायची तर राखायला कोणी नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले दिसते. या मुलींनी ध्येय ठरवले नव्हते असे कोण म्हणेल?

माझ्या आईवडिलांचाही कोयता होता. आई स्वतःचे वय हंगामांनी मोजते. मी सातवीत असताना वडिलांनी घरात एक गोष्ट सांगितली: “बारावी होईस्तोवर हिला फडात न्यायची नाही. मग बघू.” आजी म्हणाली, “मी राहते हिच्यापाशी.” आजी तोवर टोळीबरोबर जाई, कोपी सांभाळणे, वाढे विकणे, धाकट्यांना पाहणे तिच्याकडे असे. ती मागे राहिली आणि ते काम आईच्या अंगावर पडले. वडिलांना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांच्या एका वाक्यात मुदत होती, नेमकेपणा होता, आणि आजीच्या वाक्यात त्याची किंमत कोण देणार हे होते. ‘मग बघू’मध्ये पुढच्या निर्णयाला जागाही होती. माझी पदवी या दोन वाक्यांवर उभी आहे. घरात आधी कोणी पदवीधर नव्हते. ध्येय कसे ठरवावे याचे शिक्षण मात्र घरात होते.

७

या इतिहासातून आजच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? माझ्या वर्गात मी ध्येय लिहायला सांगते तेव्हा चार प्रश्नांची उत्तरे मागते. पहिला, या वर्षातले कोणते महिने तुझे आहेत आणि कोणते उचलीचे, शेताचे, घरचे आहेत? दुसरा, या वाटेवरच्या तारखा कोणत्या: प्रवेशअर्जाची, शिष्यवृत्तीच्या अर्जाची, वसतिगृहाच्या यादीची, जात पडताळणीच्या प्रमाणपत्राची? आपली बरीच मुले गुणांत नापास होत नाहीत, कागदांत नापास होतात. तिसरा, शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला तर मधले महिने कोणाच्या भाकरीवर निघतील? चौथा, हे ध्येय कोणाला सांगितले आहेस? ज्याला सांगितले तो विचारणारा हवा. नुसते कौतुक करणारा नको.

स्पर्धा परीक्षेच्या बाबतीत तर हे प्रश्न फार गरजेचे झाले आहेत. बाप कोयता चालवतो आणि मुलगा पुण्याच्या अभ्यासिकेत वर्षामागून वर्षे ‘यंदा नक्की’ म्हणत बसतो, हे चित्र आता घरोघर आहे. जागा शेकड्यांत, उमेदवार लाखांत. ते ध्येय धरण्यात लाज नाही. पण किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, आणि त्यानंतर कोणती वाट, हे पहिल्याच वर्षी लिहून ठेवावे. काळारामाचा लढा थांबवणाऱ्याला कोणी पराभूत म्हटले नाही. बापाच्या वेळेवर उभे राहिलेले ध्येय बापाचे वय पाहून आखावे लागते.

आणि मग आपली पाळी येते. शिकलेल्यांची, नोकरीत बसलेल्यांची. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयीची निराशा जाहीरपणे बोलून दाखवली होती. आपल्या ध्येयाची पूर्तता नेमणुकीच्या पत्राशी झाली असे ज्याला वाटते, त्याने ती तारीख आठवावी. आपल्याला महिन्याचा पगार आहे, रविवार आहे, रजा आहे. म्हणजे जी वेळ आपल्या आज्यापणज्यांकडे कधीच नव्हती, ती आपल्याकडे आहे. ती कशासाठी वापरायची, हे आपल्या व्यावसायिक ध्येयाचे पहिले कलम असायला हवे.

कामे डोळ्यांपुढे आहेत आणि ती मोजता येण्याजोगी आहेत. २०२१ मध्ये सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. आपल्या तालुक्यात ते वसतिगृह कोणत्या इमारतीत आहे, मुलींसाठी किती जागा आहेत, त्यांतल्या किती भरल्या, हे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवे. हंगामी वसतिगृहांच्या याद्या टोळ्या निघण्याआधी झाल्या पाहिजेत, निघून गेल्यावर नव्हे. तोडणीला तास आणि बाईला पगारी रजा मिळावी, खाड्याचा दंड बंद व्हावा, या मागण्या नागपूरच्या ठरावांसारख्या आकड्यांत लिहून त्यांच्यामागे संघटना उभी करावी लागेल. त्या एका हंगामात मिळणार नाहीत. वतन जायलाही तीस वर्षे लागली.

तोवर प्रत्येक शिक्षकाला एक काम येत्या दसऱ्यापूर्वी करता येईल. आपल्या वर्गात फडावर जाणाऱ्या घरांतल्या मुली किती, त्यांतल्या मागे कोणाजवळ राहतील, आणि कोणीच नसेल तर त्यांना कुठे ठेवायचे, याची यादी करावी. यादीत नाव आणि तारीख असावी. त्या मुलींच्या ध्येयाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच येतो.